कचरा कुणाच्या दारात?



मला विषय दिलाय ‘पर्यावरण आणि आंतरराष्ट्रीय सहकार्य’. विषय मोठा आहे, पण सुरुवात मी आमच्या गल्लीतून करतो. माझे अब्बा भंगारचा धंदा करायचे. संध्याकाळी दुकानामागे वायरींचा ढीग पेटायचा. वरचं प्लास्टिक जळून गेलं की तांबं हाती लागायचं. त्या तांब्यावर माझी शाळेची फी भरली गेली आणि त्याच धुराने अब्बांची छाती गेली. म्हणून भंगाराला मी नुसती घाण म्हणू शकत नाही, आणि नुसती रोजीरोटीही म्हणू शकत नाही.

कचरा देशोदेशी फिरतो, हे मला कॉलेजात कळलं. श्रीमंत देशांत विषारी कचऱ्याची विल्हेवाट लावायला भरपूर खर्च येतो. त्यापेक्षा तो गरिबाच्या दारात टाकणं स्वस्त. नायजेरियातल्या कोको गावात 1988 साली एका माणसाच्या अंगणात इटलीहून आलेल्या विषारी कचऱ्याची हजारो पिंपं सापडली. जागेचं भाडं होतं महिन्याला सुमारे 100 डॉलर. बोभाटा झाला तेव्हा इटलीला तो कचरा उचलावा लागला.

अशा प्रकरणांमुळे मार्च 1989 मध्ये स्वित्झर्लंडमध्ये बासेल करार झाला. तो 1992 पासून लागू आहे, आणि त्याच वर्षी भारतही त्यात आला. करारातली मुख्य गोष्ट साधी आहे: धोकादायक कचरा पाठवायचा असेल तर आधी कळवा, आणि समोरच्या देशाचा लेखी होकार आल्याशिवाय पाठवू नका. बेकायदा पाठवलात तर परत न्या. 2021 पासून मिसळलेलं, अस्वच्छ प्लास्टिक आणि 2025 पासून सगळा ई-कचरा या अटीखाली आला. अमेरिकेने मात्र 1990 मध्ये सही केली, पण अजून करार मंजूर केलेला नाही.

मग प्रश्न सुटला का? आपल्या न्हावा शेवा बंदराचंच बघा. वंगणाचं तेल म्हणून आलेल्या 133 कंटेनरांत निघालं वापरलेलं, धोकादायक तेल. धोकादायक कचऱ्याविरुद्ध 1995 साली दाखल झालेल्या जनहित याचिकेत हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे आलं. 2005 मध्ये न्यायालयाने ते तेल भट्टीत नष्ट करायला सांगितलं, तेही आयातदारांच्या खर्चाने. लक्षात घ्या, माल पाठवणारा परका असला तरी मागवणारा इथलाच होता. करार देशादेशांत होतो. पण कंटेनर उघडून बघणारा, कोर्टात जाणारा माणूस लागतो. तो नसेल तर करार कागदावरच राहतो.

आता तुमच्याबद्दल. इथे बसलेल्या कितीजणांच्या घरात, नात्यात कुणीतरी भंगारात काम करतं. त्यांना हिणवू नका, आणि ‘धंदा बंद करा’ असंही सांगू नका. जग फेकतं ते ही माणसं वेगळं करतात. त्यांना सांगा की वायर न जाळता सोलायचं यंत्र मिळतं. ई-कचऱ्याचे नियम त्यांना मराठीत, हिंदीत समजावून द्या. नोंदणीचा फॉर्म भरायला शेजारी बसा. चार दुकानदार एकत्र आले तर यंत्राचा खर्चही वाटला जाईल.

अब्बांना हे सांगणारं कुणी नव्हतं. मी शिकलो तोवर उशीर झाला होता. तुमच्या मोहल्ल्यात अजून वेळ आहे.