तीन मिनिटांत जीवशास्त्र

संशोधन सामान्य श्रोत्यांना समजेल अशा भाषेत मांडण्याच्या कौशल्याला विज्ञानसंवाद म्हणतात, आणि जीवशास्त्राच्या विद्यार्थ्याला ते शिकवताना पहिली अडचण येते ती त्याच्या ज्ञानाचीच. कारण अंगवळणी पडलेली संज्ञा इतरांना परकी असते, याचे त्याला विस्मरण होते. 'प्रतिजैविक-प्रतिरोध' म्हणजे जिवाणूंना मारणाऱ्या वा त्यांची वाढ रोखणाऱ्या औषधांना जिवाणूंनी दाद न देणे. परंतु रुग्णाच्या शरीरालाच औषधाची सवय जडते असा गैरसमज आढळतो, आणि ज्याने अशी औषधे क्वचितच घेतली तो मग स्वतःला निर्धास्त मानतो. 'जिवाणू औषधाला जुमानत नाहीत' असे कर्त्याचे नाव घेऊन सांगितले, की वाक्य सोपे होते आणि अचूकही.

अशा सरावाचा एक नमुना म्हणजे ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड विद्यापीठाने २००८ मध्ये सुरू केलेली 'थ्री मिनिट थीसिस' स्पर्धा, जिच्यात संशोधक विद्यार्थ्याला आपला प्रबंध तीन मिनिटांत, एकाच स्थिर स्लाइडच्या आधारे मांडावा लागतो. काय सांगावे यापेक्षा काय गाळावे हे ठरवणे तेथे अधिक जाचक असते, आणि तोच तिचा खरा धडा.

मराठीत या कामात आणखी एक पेच उद्भवतो: शरीरातील रासायनिक क्रिया वेगवान करणाऱ्या प्रथिनाला शालेय पुस्तक 'विकर' म्हणते, तर इंग्रजीतून पदवी घेणाऱ्या विद्यार्थ्याच्या तोंडी 'एन्झाइम' असते, तेव्हा श्रोता पाहूनच त्याला शब्द निवडावा लागतो.