गिरणगाव : मतदारांचा संघ कसा बांधला गेला आणि कसा विस्कटला

(म्हैसूर येथे जयलक्ष्मीपुरम भागातील मराठी भाषक पक्षसभासदांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



मुंबईच्या गिरणगावाचा राजकीय इतिहास महाराष्ट्राबाहेरील मराठी सभासदांपुढे मांडावा, असे आपण सुचविलेत. माझे काम भाषांतराचे. तेव्हा आरंभ एका शब्दापासून करतो. ज्याला आपण मराठीत ‘मतदारसंघ’ म्हणतो, त्याला आपले कानडी कॉम्रेड ‘मतक्षेत्र’ म्हणतात. क्षेत्र म्हणजे नकाशावर आखलेली जमीन. ती सरकार आखते. संघ मात्र माणसांना बांधावा लागतो. लालबाग, परळ, शिवडी, वरळी, भायखळा या वस्त्यांचा इतिहास म्हणजे एका क्षेत्राचा संघ कसा झाला आणि पुढे त्याचे पुन्हा नुसते क्षेत्र कसे उरले, याचा इतिहास होय.

‘गिरणगाव हा लाल बावट्याचा बालेकिल्ला होता’ हे वाक्य आपण इतक्या वेळा उच्चारले आहे की, तो किल्ला जणू गिरण्यांच्या चिमण्यांबरोबर आपोआप उभा राहिला, असा समज व्हावा. वस्तुस्थिती तशी नाही. मुंबईत पहिली कापड गिरणी १८५४ मध्ये स्थापन झाली. १९०८ साली लोकमान्य टिळकांना झालेल्या शिक्षेविरुद्ध गिरणी कामगारांनी सहा दिवसांचा संप करून आपली राजकीय ताकद प्रथम दाखविली. परंतु कायम टिकणारी लढाऊ संघटना उभी राहिली ती १९२८ च्या सहा महिन्यांच्या सार्वत्रिक संपातून, गिरणी कामगार युनियनच्या रूपाने. सरकारने त्याचे उत्तर १९२९ च्या मार्चमध्ये दिले. डांगे, मिरजकर, जोगळेकर, निंबकर, घाटे यांना मीरत कटाच्या खटल्यात गोवण्यात आले.

साचेखात्याचे दार

तथापि या उज्ज्वल पर्वातच एक भेग होती आणि तिच्याकडे डोळेझाक करून पुढचा निवडणुकीचा इतिहास समजणार नाही. गिरणीत साचेखाते अधिक मजुरीचे. त्या खात्यात अस्पृश्य कामगाराला प्रवेश नसे. धोट्यात नवी कांडी भरली की तिचे सूत धोट्याच्या छिद्रातून तोंडाने ओढून घ्यावे लागे, आणि अस्पृश्याच्या तोंडचा धोटा सवर्ण कामगार तोंडाला लावीत नसे. दलित कामगार कमी मजुरीच्या खात्यांत अडकून पडला. १९२८ च्या संपात डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न पुढाऱ्यांपुढे रोखठोकपणे मांडला. मागण्यांत तो आला; खात्याचे दार मात्र त्याने उघडले नाही. मालकाविरुद्ध एक झालेला वर्ग यंत्रापाशी पुन्हा जातीजातींत उभा होता. १९२९ च्या दुसऱ्या मोठ्या संपाला आंबेडकरांनी विरोध केला, याची कारणे शोधताना आपण याच दाराशी येऊन थांबले पाहिजे.

१९३७ च्या प्रांतिक निवडणुकीत भायखळा-परळमधून स्वतंत्र मजूर पक्षातर्फे डॉ. आंबेडकर निवडून आले. त्यांच्याविरुद्ध काँग्रेसने पाळवणकर बाळू या नामवंत दलित क्रिकेटपटूस उभे केले होते. मते पडली १३,२४५ विरुद्ध ११,२२५. पुढल्याच वर्षी, ७ नोव्हेंबर १९३८ रोजी, संपाच्या हक्कावर घाला घालणाऱ्या औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट यांनी मिळून एक दिवसाचा संप पुकारला. लाल आणि निळा हे दोन प्रवाह एका मागणीवर एकत्र येऊ शकतात, हे त्या दिवशी सिद्ध झाले.

१९५२ आणि १९५७

आता दोन निवडणुका शेजारी शेजारी ठेवून पाहा.

१९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत मुंबई शहर उत्तर हा दोन जागांचा मतदारसंघ होता. एक सर्वसाधारण, एक राखीव. राखीव जागेसाठी डॉ. आंबेडकर उभे होते. त्यांचा समझोता समाजवाद्यांशी होता व अशोक मेहता त्यांचे जोडीदार होते. कम्युनिस्ट पक्षातर्फे कॉ. डांगे स्वतंत्रपणे उभे राहिले. प्रत्येक मतदाराला दोन मते होती आणि ती दोन वेगळ्या उमेदवारांना द्यावयाची होती. त्यांपैकी एक मत फुकट घालविण्याचा प्रचार कम्युनिस्टांनी केला, असा आरोप आंबेडकर आणि मेहता यांनी केला. प्रकरण निवडणूक याचिकेपर्यंत गेले. निकाल असा : काँग्रेसचे नारायण काजरोळकर १,३८,१३७ मते, डॉ. आंबेडकर १,२३,५७६ मते. डांगे पडले, मेहता पडले, आणि ज्यांनी देशाच्या घटनेचा मसुदा घडविला ते कामगारवस्तीच्या मतदारसंघात पडले. दोन्ही जागा काँग्रेसला मिळाल्या. त्या काळच्या धोरणाची कारणमीमांसा कितीही केली, तरी या आकड्यांचा अर्थ बदलत नाही. श्रमिकांची मते तीन दिशांना गेली आणि त्याचा लाभ मालकांच्या बाजूला झाला.

१९५७ साली संयुक्त महाराष्ट्राचा लढा पेटलेला होता. नोव्हेंबर १९५५ आणि जानेवारी १९५६ मधील गोळीबारांत कामगारवस्त्यांतील माणसे मोठ्या संख्येने बळी पडली होती. ६ फेब्रुवारी १९५६ रोजी स्थापन झालेल्या संयुक्त महाराष्ट्र समितीत कम्युनिस्ट, समाजवादी, शेतकरी कामगार पक्ष आणि शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन एकत्र होते. मुंबई शहर मध्य हा पुन्हा दोन जागांचाच मतदारसंघ. समितीतर्फे सर्वसाधारण जागेवर कॉ. डांगे आणि राखीव जागेवर फेडरेशनचे गोपाळ काळूजी माने. दोघेही निवडून आले. पुढल्या वर्षी कॉ. मिरजकर मुंबईचे महापौर झाले.

कॉम्रेड्स, १९५२ चा कामगार आणि १९५७ चा कामगार निराळा नव्हता. त्याच चाळी, त्याच खानावळी, तेच भोंगे. फरक पडला तो एवढाच की, एका हातातली दोन मते आता परस्परविरोधी राहिली नाहीत. गिरणीतील मजुरीचा प्रश्न, वस्तीतील दलिताच्या सन्मानाचा प्रश्न आणि भाषिक राज्याचा प्रश्न हे तीन धागे एकत्र पिळले गेले, तेव्हा मतदारांचा संघ तयार झाला.

धागे कसे तुटले

१ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले आणि समितीचे एकत्र राहण्याचे मुख्य कारण संपले. १९६२ मध्ये डांगे पराभूत झाले. १९६४ मध्ये पक्ष दुभंगला. १९६७ मध्ये डांगे मुंबई मध्य दक्षिणमधून पुन्हा लोकसभेवर गेले, कॉ. कृष्णा देसाई परळमधून विधानसभेवर गेले. परंतु तोवर एक नवी शक्ती वस्तीत शिरली होती. १९ जून १९६६ रोजी शिवसेना स्थापन झाली. तिचा पहिला रोख दक्षिणेकडून आलेल्या कारकुनांवर आणि उडुपी हॉटेलांवर होता. लवकरच तो लाल बावट्याकडे वळला. डिसेंबर १९६७ मध्ये परळच्या दळवी बिल्डिंगमधील पक्षकचेरीवर हल्ला झाला. ५ जून १९७० रोजी लालबागमध्ये कृष्णा देसाई यांचा खून झाला. या खुनाबद्दल शिवसैनिकांना न्यायालयाने शिक्षा दिल्या. ऑक्टोबरमधील पोटनिवडणुकीत त्यांच्या पत्नी सरोजिनी देसाई यांना अनेक विरोधी पक्षांचा पाठिंबा होता. तरीही शिवसेनेचे वामनराव महाडिक १,६७९ मतांनी विजयी झाले.

या पराभवाचे खापर केवळ दहशतीवर फोडणे सोपे आहे. दहशत होती, मालकांची फूस होती, आणि मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांच्या कृपाछत्रामुळे लोक त्या संघटनेला ‘वसंतसेना’ म्हणत. पण १,६७९ मतांचा फरक गिरणी कामगारांच्या घरांतूनच आला. बाप युनियनचा आणि मुलगा शाखेचा, अशी घरे लालबाग-परळमध्ये होती. गिरणीत भरती आटत चाललेली, मुलगा शिकलेला पण बेकार. त्याच्याशी आपले नाते बापाच्या वर्गणीच्या पावतीपुरतेच होते. ज्या भाषिक अस्मितेला आपण १९५७ मध्ये लोकशाही आशय दिला होता, ती आपण मोकळी सोडली. दुसऱ्यांनी ती उचलून शेजारच्या कानडी, तामिळ, मल्याळी श्रमिकाविरुद्ध वळविली. म्हैसुरात बसून हे ऐकणाऱ्या मराठी सभासदांना याचे गांभीर्य वेगळे सांगावयास नको.

जानेवारी १९७४ मध्ये मध्य मुंबईच्या लोकसभा पोटनिवडणुकीत कॉ. रोझा देशपांडे विजयी झाल्या. तो विजय मोलाचा होता. परंतु त्याच दिवसांत दलित पँथरने निवडणुकीवर बहिष्कार पुकारला होता आणि वरळीच्या बी. डी. डी. चाळींत दंगल पेटली होती. त्यात भागवत जाधव हा पँथरचा तरुण कार्यकर्ता मारला गेला. काँग्रेसच्या उमेदवाराची हक्काची दलित मते घरी बसली आणि आपण निवडून आलो. म्हणजे जागा मिळाली, पण १९५७ चा संघ परत आला नव्हता. १९७७ मध्ये मुंबई उत्तर मध्यमधून मार्क्सवादी पक्षाच्या कॉ. अहिल्या रांगणेकर लोकसभेवर गेल्या. त्यानंतर मुंबईतून एकही कम्युनिस्ट खासदार निवडून आलेला नाही.

खासदार निवडता येतो, युनियन नाही

आणखी एक कारण कायद्यात दडलेले आहे. १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने ‘प्रातिनिधिक संघटना’ हा दर्जा ज्या युनियनला मिळेल तिलाच कामगारांच्या वतीने बोलण्याचा अधिकार राहिला. तो दर्जा राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे गेला. परिणाम असा की, गिरणी कामगाराला आपला खासदार गुप्त मतदानाने निवडता येत होता, स्वतःची युनियन मात्र निवडता येत नव्हती. मतपेटीत त्याने काहीही टाकले, तरी खात्यात त्याच्या वतीने सही करणारा दुसराच असे.

१८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे अडीच लाख कामगार डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली संपावर गेले, तेव्हा वेतनवाढीइतकाच या कायद्याविरुद्धचा संताप त्यामागे होता. तो संप अधिकृतपणे कधीच मागे घेतला गेला नाही. गिरण्याच उरल्या नाहीत. १९८४ च्या निवडणुकीत इंदिरा गांधींच्या हत्येनंतरच्या लाटेतही मुंबई दक्षिण मध्यने सामंतांना अपक्ष म्हणून निवडून दिले. हरलेल्या, उपाशी वर्गाने दिलेले हे मत मुंबईच्या कामगारांच्या इतिहासात मानाने नोंदले पाहिजे. पण कामगार गावी परतत होता, चाळीतील खोली विकली जात होती. १९८९ मध्ये त्याच मतदारसंघातून वामनराव महाडिक लोकसभेवर गेले.

पुढे जमिनीचा व्यापार आला. १९९१ च्या नियमाने गिरण्यांच्या जमिनीचा एकेक तृतीयांश हिस्सा महापालिका, गृहनिर्माण मंडळ आणि मालक यांना मिळावयाचा होता. २००१ च्या दुरुस्तीने ही वाटणी फक्त मोकळ्या जमिनीपुरती राहिली, आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती मान्य केली. घरासाठी अर्ज करणारे गिरणी कामगार व वारस दीड लाखांहून अधिक. २०१२ च्या पहिल्या मोठ्या सोडतीत घरे होती सात हजारांच्या आत. २००८ च्या पुनर्रचनेनंतर वरळी, शिवडी आणि भायखळा हे मलबार हिल व कुलाब्याबरोबर एकाच मुंबई दक्षिण मतदारसंघात गेले. क्षेत्र आहे, गिरणी कामगारांचा संघ नाही.

आपल्यापुढचे काम

या जयलक्ष्मीपुरमपासून मेटगळ्ळी आणि हेब्बाळची औद्योगिक वसाहत दूर नाही. १९९६ मध्ये आयडियल जावाचा कारखाना बंद पडल्याचे या शहराने पाहिले आहे. कंत्राटी कामगार, झाडलोट करणाऱ्या स्त्रिया, उत्तरेकडून आलेली मुले हाच इथला आजचा श्रमिक, आणि गिरणगावाने शिकविलेले तीन प्रश्न त्याच्याही बाबतीत विचारावे लागतील. त्याच्या खात्यात कोणत्या जातीच्या माणसाला दार बंद आहे? त्याच्या घरातील बेकार मुलाशी आपले नाते काय? आणि त्याच्या भाषेच्या प्रश्नावर, तो कानडी असो वा परप्रांतीय, आपण बोलतो की ते काम दुसऱ्यांवर सोडतो?

निवडणूक जाहीर झाल्यावर या प्रश्नांची उत्तरे शोधण्यास वेळ नसतो. १९५२ चा निकाल हेच सांगतो. १९५७ ची जागा मतदानाच्या दिवशी जिंकली गेली नव्हती. तिची तयारी त्याआधी वर्ष-दीड वर्ष चाळीचाळींत, गिरण्यांच्या दारांत आणि गोळीबारात पडलेल्यांच्या घरी झाली होती. ते काम आज, निवडणूक समोर नसताना, सुरू करावे, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.