न चुकवायची गोळी
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सातवी शिकलेली. औषधशास्त्रावर ही काय बोलणार, असे तुमच्या मनात येईल. पण २०१९ साली माझे एक मूत्रपिंड धाकट्या भावाला बसवले. तेव्हापासून डॉक्टरांना विचारून विचारून जे समजले, तेवढेच सांगते.

दुसऱ्याचे मूत्रपिंड शरीराला परके वाटते. रक्तातल्या लढाऊ पांढऱ्या पेशी त्याच्यावर तुटून पडतात. त्यांना आवरण्यासाठी भाऊ इतर औषधांबरोबर मायकोफेनोलेटची गोळी रोज दोन वेळा घेतो. ती काय करते? एका पेशीच्या दोन व्हायच्या तर प्युरीन नावाचे घटक लागतात. पुष्कळ पेशी जुनेच घटक पुन्हा वापरून भागवतात. आपण शिळ्या पोळीचा कुस्करा करतो ना, तसे. या लढाऊ पेशींचे मात्र तेवढ्यावर भागत नाही, त्यांना ताजे दळणच हवे. त्या दळणाचे जाते म्हणजे आयएमपी डीहायड्रोजिनेज हे एन्झाइम. गोळी त्या जात्याचा खुंटाच धरून ठेवते. दळण थांबले की फौज वाढत नाही आणि मूत्रपिंड वाचते.

हे द्रव्य मूळचे बुरशीतले. इटलीच्या बार्तोलोमेओ गोसिओ यांनी ते १८९३ साली शोधले. मूत्रपिंडाच्या रोग्यांसाठी अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली ती १९९५ साली. मध्ये शंभर वर्षे गेली!

आणि आमच्या भाऊरायांनी काय केले? "ताई, मी ठणठणीत आहे," म्हणून गेल्या श्रावणात कुणाला न सांगता आठ दिवस गोळ्या बंद ठेवल्या. तपासणीत क्रिएटिनिन वाढलेले निघाले. इस्पितळात राहावे लागले, तेव्हा सावरले. गोळी थांबली की जाते पुन्हा फिरू लागते, हे तेव्हा कळले. मी रागावले नाही. एवढेच म्हटले, "अरे, ते माझेही आहे."

आता आपल्या लेकीसुनांसाठी. ही गोळी गर्भाला घातक आहे. गर्भपात होतो, मुलात व्यंग येते. ती चालू असेल तर मुलाचा विचार करण्याआधीच डॉक्टरांना विचारावे, पण आपल्या मनाने बंद करू नये. या गोळीने जंतूंशी लढायचे बळही कमी होते, म्हणून ताप अंगावर काढू नये.

भाऊबीजेला मी आता साडी मागत नाही. ओवाळताना म्हणते, "आधी गोळ्यांचा डबा दाखव."