दमेकऱ्याची शुश्रूषा
मृगाचा पाऊस लागला की मालवण किनाऱ्यावरील घरांना ओल येते, गोधड्यांना बुरशी धरते आणि दमेकऱ्याची रात्र बसूनच सरते. अशा रुग्णास औषध घ्यावयास शिकविणे, हेच परिचारिकेचे कठीण काम होय. १९५६ पासून प्रचारात असलेला फवारा नुसता तोंडात उडविल्यास बरेचसे औषध घशालाच चिकटते. डबी हलवून श्वास सोडावा, फवारा दाबताना तो सावकाश आत ओढावा व १० अंक मोजीपर्यंत रोखावा. ही कृती रुग्णाकडून समक्ष करवून पाहावी. मान डोलाविणे म्हणजे समजणे नव्हे! श्वासनलिकांची सूज आवरणारा रोजचा फवारा ‘सवय लागेल’ या भीतीने बरे वाटताच बंद होतो आणि तीच रात्र परत येते. त्यानंतर चूळ मात्र भरावी. तात्काळ आरामाचा फवारा घेऊनही वाक्य पुरे बोलवेना, तर उजाडण्याची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.