वाकडा जाणारा चेंडू

सातारा-सांगलीकडील घरांतून क्रिकेटची चर्चा जितक्या आवडीने चालते तितक्या आवडीने गोल्फची चालत नाही, हे मी जाणून आहे. म्हणून आरंभ क्रिकेटपासूनच करतो. १९४७ सालच्या डिसेंबरात सिडनीच्या कसोटी सामन्यात ब्रॅडमन अवघ्या १३ धावांवर त्रिफळाबाद झाले. गोलंदाज होते विजय हजारे, १९१५ साली सांगलीत जन्मलेले. पुढच्याच महिन्यात अ‍ॅडलेड येथे हजाऱ्यांनी त्यांचा पुन्हा त्रिफळा उडविला. मात्र तोवर ब्रॅडमन यांच्या २०१ धावा झाल्या होत्या! गोलंदाज चेंडू वळवितो तो समोरच्या फलंदाजास चकविण्यासाठी, हे शाळकरी मुलासही कळते. परंतु गोल्फमध्ये चकवावयाचे कोणास? चेंडू गवतावर निश्चल पडलेला, लक्ष्याचा ध्वज दूर फडकत असलेला, आणि मध्ये आडवा येणारा प्रतिस्पर्धी मुळीच नाही. असे असता या खेळातील निष्णात मंडळी चेंडू बुद्ध्याच वाकडा का मारतात?

हा प्रश्न मला पडला तो महाबळेश्वरी. उतारवयात वैद्यांच्या सल्ल्याने मी हा खेळ हाती घेतला आणि पहिल्याच उन्हाळ्यात त्याने माझी झोप उडविली. मी ध्वजाकडे नीट रोखून मारावे आणि चेंडूने कधी उजवीकडच्या जांभळीत, तर कधी डावीकडच्या हिरड्यांत दडी मारावी. माझी काठ्यांची पिशवी वाहणारे एक वृद्ध कॅडी होते. मी त्यांना मामा म्हणत असे. चार दिवस त्यांनी निमूटपणे चेंडू शोधून दिले. पाचव्या दिवशी मात्र त्यांना राहवले नाही. ते म्हणाले, "सायेब, सरळ मारायचा हट्ट सोडा. सरळ मारणाऱ्याला दोन्ही अंगांच्या झाडीचं भ्या. एकाच अंगाला वळवा, म्हंजी भ्या बी एकाच अंगाचं."

त्या वेळी मला हे बोलणे विक्षिप्त वाटले. पुढे पुस्तके चाळली तेव्हा ध्यानात आले, की मामांनी चार शब्दांत या विद्येचे मर्मच सांगितले होते.

प्रथम चेंडू वळतो कसा, ते पाहू. गोल्फच्या काठीचे मुख किंचित मागे कललेले असते, त्यामुळे आघातासरशी चेंडू उलट्या दिशेने गरगरू लागतो. हा फिरणारा चेंडू हवेचा झोत खाली ढकलतो व स्वतः वर उचलला जातो. आता भोवरा आठवा. त्याची आरी जशी एका बाजूस कलते, तसाच या चेंडूच्या फिरण्याचा अक्ष कलला, की ती उचल निव्वळ वर न राहता थोडी कडेलाही ओढू लागते आणि चेंडू वळतो. अक्ष कलतो केव्हा? काठीचे मुख एकीकडे आणि तिच्या फिरण्याची वाट दुसरीकडे असली म्हणजे. उजव्या हाताने खेळणाऱ्याचे मुख वाटेच्या मानाने उजवीकडे उघडे राहिले, तर चेंडू उजवीकडे झुकतो. झुकाव बेताचा असेल तर त्याला फेड म्हणतात. मुख वाटेच्या मानाने डावीकडे मिटले, तर तो डावीकडे वळतो, तो ड्रॉ. हेच झुकाव बेसुमार झाले, की अनुक्रमे स्लाइस आणि हुक ही हेटाळणीची नावे त्यांना मिळतात.

ही गोष्ट विद्वानांच्या नजरेतून सुटली नव्हती. तिरप्या फटक्याने टेनिसचा चेंडू वक्र मार्गाने जातो, याचा उल्लेख न्यूटनने १६७२ साली प्रकाशाविषयीच्या आपल्या पत्रात केला आहे. पुढे १८५२ च्या सुमारास माग्नुस या जर्मन शास्त्रज्ञाने या प्रकारावर प्रयोग केले, म्हणून त्यास त्याचे नाव पडले. एडिंबरोच्या प्राध्यापक टेट यांनी तर गोल्फच्याच चेंडूचे गणित मांडले. त्यांचे चिरंजीव १८९६ व १८९८ साली ब्रिटनच्या हौशी खेळाडूंची अजिंक्यपदे मिळवीत होते, तेव्हा त्या घरी जेवताना काय चर्चा होत असेल याची कल्पनाच केलेली बरी!

काठी आणि चेंडू यांचा स्पर्श सेकंदाच्या सुमारे दोन हजाराव्या भागाइतकाच टिकतो. तेवढ्यात मुख आणि वाट यांचा मेळ तंतोतंत बसला, तरच चेंडू नाकासमोर जाणार. रेसभर चूक झाली तर तो वळणार, आणि कोणत्या बाजूस वळेल हे मारणाऱ्यास आधी सांगता येणार नाही. समजा, हिरवळीची वाट ४० यार्ड रुंद आहे. मधोमध नेम धरणाऱ्यास चुकण्यासाठी प्रत्येक बाजूस २० यार्डच मिळतात. परंतु ज्याचा चेंडू हटकून उजवीकडेच झुकतो, तो डाव्या काठावर नेम धरतो. चेंडू झुकला नाही तर डाव्या काठाशी राहील, योजल्याप्रमाणे झुकला तर मध्यावर येईल, दुप्पट झुकला तरी उजव्या काठापलीकडे जाणार नाही. चुकीस जागा मिळाली पूर्ण ४० यार्ड! मामांचे 'एकाच अंगाचं भ्या' ते हेच. तथापि यात एक अट आहे आणि तीच कठीण आहे: तो झुकाव दर वेळी त्याच बाजूस पडला पाहिजे. माझा पडत नसे, म्हणून मला तो गुण नव्हता, व्याधी होती.

अमेरिकेचा बेन होगन याचे उदाहरण या संदर्भात नेहमी दिले जाते. आरंभीच्या काळात डावीकडे वळणाऱ्या हुकने त्यास छळले होते. त्याने नेटाने अभ्यास करून उजवीकडचा फेड अंगी बाणविला, आणि १९४८, १९५०, १९५१ व १९५३ अशी चार वर्षे अमेरिकेची खुली स्पर्धा जिंकली. फेडचा चेंडू उंच चढतो, अलगद उतरतो आणि जमिनीवर फारसा घरंगळत नाही. ड्रॉचा चेंडू बहुधा लांब धावतो. म्हणून निष्णात खेळाडू दोन्ही अस्त्रे जवळ बाळगतो. वाट कोपऱ्यावर वळत असेल तर तिच्याबरोबर चेंडूही वळवितो. वारा डावीकडून असेल तर डावीकडे झुकणारा चेंडू त्याच्या अंगावर घालून तो जवळजवळ सरळ नेतो. महाबळेश्वरी दरीतून येणारा वारा हा धडा फुकट शिकवितो. शिवाय तेथील उंची सुमारे साडेचार हजार फूट असल्याने हवा सांगलीच्या मानाने विरळ आहे. तीत चेंडू लांब जातो, पण वळतो कमी.

कधी कधी सरळ वाटच उरलेली नसते. २०१२ सालच्या मास्टर्स स्पर्धेत, ऑगस्टा येथे, बरोबरी फोडण्यासाठी खेळविलेल्या दुसऱ्या होलवर बबा वॉटसन या डावखुऱ्या खेळाडूचा चेंडू झाडांत जाऊन पडला. ध्वज दिसतही नव्हता. त्याने तेथून सुमारे ४० यार्ड वळणारा फटका मारून चेंडू हिरवळीवर आणला आणि स्पर्धा जिंकली. त्या फटक्याचे जगभर कौतुक झाले, ते योग्यच होते.

असल्या विद्येचे अनेक जाणकार पिशव्या वाहणाऱ्यांत असतात, हे मात्र क्लबातील मंडळी सहसा बोलून दाखवीत नाहीत. १९९१ साली इंडियन ओपन जिंकणारे पहिले भारतीय अली शेर हे दिल्लीच्या मैदानावर कॅडीच होते. १९९३ साली त्यांनी ती पुन्हा जिंकली. आमच्या मामांस अशी संधी लाभली नाही. साहेबलोकांनी टाकून दिलेल्या एका काठीवर, मैदान रिकामे झाल्यावर, ते लहानपणी शिकले होते. दुसऱ्याची पिशवी वाहण्यात त्यांचा जन्म गेला.

परत निघण्याच्या आदल्या सायंकाळी मी आग्रहाने माझी काठी त्यांच्या हाती दिली. समोर जांभळीचे झाड होते, ध्वज त्याच्या बरोबर मागे. मामांनी धोतराचा काचा सावरला, तांबड्या मातीत अनवाणी पाय रोवले आणि झाडाच्या डाव्या अंगाला चेंडू मारला. तो धुक्यात क्षणभर दिसेनासा झाला, मग उजवीकडे वळून ध्वजापासून दहा पावलांवर उतरला. मी काही बोलण्यापूर्वीच त्यांनी काठी पुसून पिशवीत ठेवली, आणि उद्या किती वाजता यायचे ते विचारले.