फेवरल्युबाची किंमत

फेवरल्युबा आठवतं? लग्नात जावयाला द्यायचं घड्याळ! स्वित्झर्लंडची ही १७३७ची कंपनी १८६५ मध्ये मुंबईत आली. रोलेक्सचा थाट तिला नव्हता; मध्यमवर्गाला ती परवडे, तीही जरा ओढाताण करून. पुढे १९६१ पासून एचएमटीची स्वस्त घड्याळं आली, मग क्वार्ट्झ, आणि हे नाव मागे पडलं.

२०११ मध्ये टायटनने ते विकत घेतलं आणि नवी घड्याळं लाखांत आणली. घोळ इथेच झाला, असं मला वाटतं. एवढे पैसे मोजणारा ओमेगाकडे बघतो. आणि ज्याला फेवरल्युबाची आठवण आहे, त्याचा हात खिशाकडे जात नाही. २०२३ मध्ये हे नाव इथॉस समूहाकडे गेलं. २०२४ मध्ये पुन्हा घड्याळं निघाली, किंमत लाखांतच! आजोबांचं जुनं फेवरल्युबा कपाटात असेल, तर त्याला एकदा चावी देऊन बघा.