कंपायलर पैज लावतो तेव्हा

ब्रेंडन आइक यांनी १९९५ साली नेटस्केप कंपनीत जावास्क्रिप्ट ही भाषा दहा दिवसांत उभी केली. घाई होतीच. पण आज आपण पाहतो ती जवळजवळ प्रत्येक वेबसाइट तिच्यावर चालते.

सी भाषेत प्रोग्रामरला आधीच सांगावं लागतं, की या चलात पूर्णांकच राहील. जावास्क्रिप्टमध्ये असं काही बंधन नाही. त्याच चलात आत्ता संख्या, घटकाभरानं एखादं नाव. लिहिणाऱ्याची सोय झाली आणि प्रोग्राम यंत्राच्या भाषेत उतरवणाऱ्या कंपायलरची पंचाईत. ‘अ अधिक ब’ दिसलं, तर करायचं काय? दोन्ही संख्या असतील तर बेरीज. त्यांतला एक जरी मजकूर असेल तर दोन्ही शेजारी चिकटवायचे. म्हणून मजकूर म्हणून लिहिलेला पाच अधिक तीन यांचं उत्तर येतं त्रेपन्न. वजाबाकी केलीत तर मात्र दोनच! हा कारभार मला तरी विचित्र वाटतो.

म्हणजे प्रत्येक वेळी आधी चौकशी, मग काम. लाखो वेळा फिरणाऱ्या लूपमध्ये या चौकशीतच वेळ जातो.

गूगलनं २००८ साली क्रोम ब्राउझरबरोबर आणलेलं, जावास्क्रिप्ट चालवणारं व्ही-एट इंजिन यावर उपाय म्हणून पैज लावतं. फंक्शन सुरुवातीला संथपणे चालवायचं आणि आत काय काय येतं याची नोंद ठेवायची. दर वेळी पूर्णांकच आले, तर पूर्णांकांपुरता वेगवान मशीन कोड बनवायचा. त्याच्या तोंडाशी छोटीशी तपासणी ठेवायची. एखाद्या दिवशी मजकूर आला, की तो कोड सोडून पुन्हा संथ वाटेनं जायचं. याला डीऑप्टिमायझेशन म्हणतात. पैज हरली तरी उत्तर चुकत नाही, फक्त वेळ लागतो.

ही युक्ती गूगलची नव्हे. स्मॉलटॉक आणि सेल्फ या भाषांवर काम करणाऱ्यांनी १९८० आणि ९०च्या दशकांतच तिचा पाया घातला होता. व्ही-एट घडवणारे डेन्मार्कचे लार्स बाक हे सेल्फच्याच चमूतले.

हे इंजिन प्रत्येक ऑब्जेक्टचा आकारही टिपून ठेवतं, आणि त्यात गुणधर्मांचा क्रम धरला जातो. आधी नाव, मग वय हा एक आकार. आधी वय, मग नाव हा दुसरा. पैज या आकारांवरही लागते. तेव्हा जावास्क्रिप्ट लिहिणाऱ्या मित्रांनो, गुणधर्म नेहमी एकाच क्रमानं भरा, आणि एका फंक्शनला कधी संख्या, कधी मजकूर देऊ नका.